बागकामाचा धंदा : गिऱ्हाईक कोणते धरावे, कोणते सोडावे?

'बागवान' या शब्दाचा अर्थ बाग राखणारा. पण सोलापूर, सातारा, कोल्हापूर, पुणे या भागांत बागवान म्हटले की फळांची हातगाडी नाही तर मंडईतील भाजीचा गाळा डोळ्यांपुढे येतो. अलीकडे मात्र अशा घरांतील काही तरुण पुन्हा शब्दाच्या मूळ अर्थाकडे वळले आहेत. बंगल्याभोवती, सोसायटीत, कारखान्याच्या आवारात माती भरून, हिरवळ अंथरून, झाडे लावून बाग तयार करून द्यायची, असा हा धंदा आहे. यालाच लँडस्केपिंग म्हणतात. दुकानाची पागडी लागत नाही, मोठी यंत्रे लागत नाहीत. हातात हुनर आणि सोबत दोन-चार मेहनती माणसे असली की सुरुवात होते. त्यामुळे आपल्या कारागीर बांधवांना हा धंदा सोपा वाटतो.

प्रत्यक्षात या धंद्यात बसलेलेही पुष्कळ आहेत. त्यांची चौकशी केली तर असे दिसते की झाड लावण्यात त्यांची चूक नव्हती, चूक गिऱ्हाईक निवडण्यात होती. म्हणून या लेखात खते आणि रोपे यांविषयी न लिहिता गिऱ्हाइकाविषयी लिहीत आहे. मी कापडाच्या धंद्यातला माणूस आहे, बाग हा माझा विषय नाही. परंतु शंभर साड्या उलगडायला लावून रिकाम्या हाताने जाणारे गिऱ्हाईक कोणते आणि लग्नाचा बस्ता बांधायला आलेले कोणते, हे ओळखण्यात आयुष्य गेले आहे. ही नजर दोन्ही धंद्यांत सारखीच लागते.

एका मोठ्या कामाची गोष्ट

आमच्या ओळखीतील एका तरुणाचा अनुभव सांगतो. वडिलांचा फळांचा गाळा, पण याला झाडांची आवड. चार-पाच बंगल्यांची लहान कामे त्याने चांगली केली. २०१८ च्या पावसाळ्यात त्याला सोलापूर शहराबाहेरील एका नव्या वसाहतीचे काम मिळाले. पाच गुंठे हिरवळ, कडेने शोभेची झाडे आणि फाटकापाशी पामच्या रांगा. काम मिळाले त्या दिवशी तो पेढे घेऊन दुकानात आला. मी विचारले, "बयाणा किती घेतला?" म्हणाला, "चाचा, एवढी मोठी पार्टी आहे. पहिल्याच भेटीत पैसे मागायला बरे वाटले नाही."

हिशेब पाहा. एका गुंठ्यात १,०८९ चौरस फूट येतात. त्यावर सहा इंच माती भरायची तर साडेपाच ब्रास लागते. पाच गुंठ्यांना सुमारे सत्तावीस ब्रास. त्यावर शेणखत, त्यावर कार्पेट लॉनचे तुकडे, मग रोपे, गाडीभाडे आणि मजुरी. म्हणजे पहिला रुपया हाती येण्यापूर्वीच बहुतेक सारा खर्च होऊन जातो. याने रोपे नर्सरीतून उधारीवर आणली आणि मातीसाठी घरातील दागिने गहाण ठेवले. काम सुरेख झाले. मालकाने फोटो काढले, जाहिरातीत छापले, आणि पैसे "प्लॉट विकले गेले की देतो" असे सांगितले.

त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला. ऑक्टोबर २०१८ मध्ये राज्य सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. वसाहतीची एकच कूपनलिका होती, ती हिवाळा संपता संपता आटली. टँकर कोणी मागवायचा हे कागदावर कोठेच लिहिलेले नव्हते. मार्चअखेर हिरवळ पिवळी पडली आणि मालक म्हणाला, "बागच मेली, तर पैसे कशाचे?" नर्सरीवाल्याचा तगादा सुरू झाला. दागिने सोडवायला या मुलाला दोन वर्षे लागली. त्या दोन वर्षांत तो पहाटे वडिलांच्या गाळ्यावर बसे आणि दुपारी बंगल्यांची कामे करी.

त्याच्या हुनरात खोट नव्हती. ज्याच्याकडे पाणी नाही, राखणारा नाही आणि पैसा हाती आलेला नाही, अशा माणसाला त्याने गिऱ्हाईक मानले. साडी एकदा विकली की आपला आणि तिचा संबंध संपतो. बाग ही विकल्यानंतरही जगवावी लागणारी वस्तू आहे. ती गिऱ्हाइकाच्या घरी मेली तरी नाव आपलेच जाते. म्हणून ज्याला बाग लावायची आहे ते आपले गिऱ्हाईक नव्हे, ज्याला ती राखता येईल तेच आपले गिऱ्हाईक. हे ओळखण्यासाठी तीन प्रश्न पुरेसे आहेत.

पहिला प्रश्न : पाणी कोठून येणार?

कडक उन्हाळ्यात हिरवळीला दर चौरस मीटरला रोज पाच ते सहा लिटर पाणी लागते असे धरून चालावे. एका गुंठ्याला रोज पाचशे ते सहाशे लिटर झाले. वरील पाच गुंठ्यांना रोज अडीच ते तीन हजार लिटर. दहा हजार लिटरचा टँकर तीन-चार दिवसांत संपतो, म्हणजे महिन्याला आठ-नऊ टँकर. हा हिशेब पहिल्याच भेटीत गिऱ्हाइकापुढे मांडावा. ऐकून ज्याचा चेहरा उतरतो त्याला हिरवळ विकू नये. त्याला कमी पाण्यावर जगणारी झाडे, बोगनवेल, कण्हेर आणि फरशीची वाट सुचवावी. काम लहान होईल, पण टिकेल.

सोलापूरसारख्या शहरात नळाला कित्येक दिवसांआड पाणी येते, हा अनुभव नवा नाही. तेव्हा "नळ आहे" हे उत्तर पुरेसे समजू नये. कूपनलिका मे महिन्यात चालते का, हे शेजाऱ्याला विचारावे. टाकी किती लिटरची आहे ते डोळ्यांनी पाहावे.

आधी पाणी, मग बाग, हे शहाणपण आपल्या मुलखात जुने आहे. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकी वसवली. तेच पुढचे औरंगाबाद, ज्याचे नाव २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर आहे. त्याने शहरासाठी जमिनीखालून नहर खोदून पाणी आणले. बीबी का मकबऱ्याची चारबाग त्यानंतर काही दशकांनी, औरंगजेबाच्या काळात झाली. ज्या शहरात अगोदर पाण्याची सोय झाली, तेथे पुढे बागा उभ्या राहिल्या. आपणही हाच क्रम धरावा.

दुसरा प्रश्न : राखणार कोण?

"आमचा वॉचमन पाणी घालील" हे उत्तर ऐकले की सावध व्हावे. वॉचमन चार महिन्यांत बदलतो, आणि पाणी घालणे म्हणजे बाग राखणे नव्हे. हिरवळ कापावी लागते, तण खुरपावे लागते, छाटणी करावी लागते, खत द्यावे लागते. गिऱ्हाइकाकडे माळी असावा, नाही तर महिन्याच्या देखभालीचे काम त्याने आपल्याला द्यावे. दोन्ही नसेल तर ते काम घेऊ नये.

एक साधी खूण सांगतो. गिऱ्हाइकाच्या घरी गेल्यावर दारातल्या कुंड्या पाहाव्यात. चार कुंड्यांतली झाडे टवटवीत असतील, तर त्या घरात कोणाला तरी झाडांची ओढ आहे आणि तीच व्यक्ती उद्या तुमच्या कामाची कदर करील. चारही कुंड्या वाळलेल्या असतील, तर चार हजार फुटांची बाग कशी जगेल, याचा विचार तुम्हीच करावा.

तिसरा प्रश्न : पैसा कोणाच्या सहीने निघणार?

बाग पसंत करणारा एक, भाव ठरवणारा दुसरा आणि पैसे देणारा तिसरा, असे या धंद्यात नेहमी घडते. बंगल्यात रंगरूप बहुधा घरातील बाईसाहेब ठरवतात आणि पैसे साहेब देतात, तेव्हा दोघे हजर असतानाच सौदा पक्का करावा. सोसायटीत सेक्रेटरी गोड बोलतो, पण कमिटीचा ठराव झाल्याशिवाय चेक निघत नाही. ठरावाची प्रत हाती येईपर्यंत मातीची गाडी मागवू नये. कारखान्यात व्यवस्थापक हो म्हणतो, पण खरेदी विभागाची लेखी ऑर्डर निघेपर्यंत त्या होकाराला किंमत नाही.

कोणते गिऱ्हाईक कसे?

बंगलेवाला : सुरुवातीला सर्वांत चांगले गिऱ्हाईक. काम लहान, पैसा रोख आणि मालक रोज बाग पाहणारा. दोष एकच. प्रत्येक जण वेगळ्या टोकाला राहतो. म्हणून एकाच वसाहतीतील गिऱ्हाइके धरावीत. समजा, जवळजवळचे बारा बंगले प्रत्येकी ३,००० रुपये महिन्याने देखभालीला मिळाले. आठवड्यातून दोनदा प्रत्येक ठिकाणी जायचे म्हटले तर चोवीस फेऱ्या, म्हणजे दिवसाला चार. दोन माणसे हे सहज करतात. ३६,००० रुपये जमा, दोघांचा पगार, पेट्रोल आणि खत मिळून २८,००० खर्च धरला तर ८,००० उरतात. हेच बारा बंगले शहराच्या चार दिशांना असतील तर सारा नफा पेट्रोलमध्ये आणि वाटेत जातो. रक्कम लहान दिसते, पण दर महिन्याला येते आणि याच घरांतून पुढची मोठी कामे मिळतात.

गृहनिर्माण सोसायटी : जुनी सोसायटी चांगली, भांडकुदळ सोसायटी वाईट. कमिटी दरवर्षी बदलत नसेल आणि देखभाल निधी वेळेवर गोळा होत असेल, तर वर्षाचा करार करावा. जिथे सभासदच महिन्याचे पैसे थकवतात तिथे माळ्याचे पैसे सर्वांत शेवटी निघतात.

बिल्डर : काम मोठे, धोकाही तेवढाच मोठा. राज्याच्या बहुतेक शहरांना डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणे चार हजार चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडावर दहा टक्के मोकळी जागा मनोरंजनासाठी सोडावी लागते. म्हणजे बिल्डरला बागेचे काम कोणाला तरी द्यावेच लागते. पण तो ते इमारतीच्या अगदी शेवटी देतो, तेव्हा त्याची तिजोरी हलकी झालेली असते आणि घाई मोठी असते. कोणी पैशांऐवजी फ्लॅटच्या हिशेबात वळते करून घ्या म्हणतो. लहान कारागिराने या फंदात पडू नये. ज्याने आधीच्या प्रकल्पाचे सुतार, रंगारी, फरशीवाले यांचे पैसे चुकते केले आहेत, तोच बिल्डर धरावा. ही चौकशी करायला ऑफिसात जावे लागत नाही, चहाच्या टपरीवर फरशीवाल्याला विचारले की सगळे कळते. बिल्डरचे काम घेतलेच तर पहिल्या वर्षाची देखभाल करारात घालावी. बिल्डर काम संपवून निघून जातो, मागे राहणारी सोसायटीच तुमचे खरे गिऱ्हाईक असते.

लग्नाचे लॉन्स : याकडे आपल्या लोकांचे अजून लक्ष कमी आहे. लॉन्सच्या मालकाची हिरवळ हेच त्याचे दुकान आहे. कापडवाला जसे ठाण भिजू देत नाही, तसा तो हिरवळ वाळू देत नाही, पदरचे पैसे घालून टँकर मागवतो. त्याचा मुख्य हंगाम नोव्हेंबर ते मे. खुर्च्या, मंडप आणि हजारो पायांखाली गवत तुडवले जाते. चातुर्मासात हिंदू समाजातील लग्ने थांबतात, तेव्हा दुरुस्तीला वेळ मिळतो आणि वरून पाऊसही असतो. उघड्या उन्हाच्या जागी हरळीच्या जातीचे गवत तुडवणे सोसते, नाजूक जात सुचवू नये. एक काळजी घ्यावी. या मालकाकडे पैसा हंगामात खेळतो, तेव्हा देखभालीचे पैसे हंगामातच घ्यावेत. जुलैची वाट पाहिली तर दिवाळीपर्यंत थांबावे लागते.

कारखाने : सोलापुरात चिंचोळी आणि अक्कलकोट रस्ता येथील औद्योगिक वसाहतींसारख्या ठिकाणी हे गिऱ्हाईक मिळते. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रात आवारात झाडे लावण्याची व जगवण्याची अट घातलेली असते, म्हणून हे काम केवळ हौसेचे नसते. बऱ्याच ठिकाणी प्रक्रिया केलेले सांडपाणी बागेला देतात, त्यामुळे पाण्याचा प्रश्नही सुटतो. मात्र त्या पाण्यातील क्षार सोसणारी झाडेच निवडावीत. पैसे उशिरा येतात, पण सहसा येतात. येथे कच्ची चिठ्ठी चालत नाही. पक्के बिल, जीएसटी क्रमांक आणि मजुरांच्या भविष्य निर्वाह निधीचे कागद मागतात. ही तयारी झाल्याशिवाय कारखान्याच्या फाटकावर जाऊ नये.

सरकारी व पालिकेची कामे : अनामत रक्कम, पूर्वीच्या कामाचे दाखले, ऑनलाइन निविदा आणि बिलासाठी थांबण्याची ताकद, हे सारे असेल तरच. पहिल्या तीन-चार वर्षांत याकडे वळू नये.

गिऱ्हाईक शोधावे कोठे?

छापील पत्रके वाटून या धंद्यात फारसे हाती लागत नाही. ज्याला बाग हवी आहे तो कोणाला तरी विचारतो, त्या 'कोणाला तरी'शी आपली ओळख हवी. घर बांधताना आर्किटेक्ट, प्लंबर, कूपनलिका खोदणारा आणि फरशी बसवणारा हे आपल्या आधी तेथे पोहोचतात. कोणत्या घराला पाणी लागले हे कूपनलिकावाल्याला सर्वांत आधी माहीत असते. आपल्या समाजात प्लंबिंग, फॅब्रिकेशन, रंगकाम करणारे कारागीर पुष्कळ आहेत. आपसांत कामे सांगण्याचा परिपाठ ठेवला तर सर्वांचेच भले होईल.

नर्सरीच्या गल्ल्यावरही गिऱ्हाईक मिळते. स्वतःच्या हाताने कुंडीत रोप लावणारा माणूस रोप मेले की पुन्हा नर्सरीत येतो. नर्सरीवाल्याचे पैसे वेळेवर चुकते करणाऱ्या कारागिराचेच नाव तो अशा गिऱ्हाइकाला सांगतो. त्याची उधारी थकवणे म्हणजे आपल्याच दारातली वाट बंद करणे होय.

आणखी एक मार्ग म्हणजे नवीन बागेऐवजी बिघडलेली बाग शोधणे. ज्या घरात बाग होती आणि नीट राखली न गेल्याने खराब झाली, त्या मालकाला बागेचा खर्च माहीत असतो आणि पाण्याची सोयही बहुधा असते. त्याला फक्त विश्वासाचा माणूस हवा असतो.

कागद आणि उधारी

तोंडी सौद्यावर माती टाकू नये. एका पानावर एवढे लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात : काम किती चौरस फुटांचे, झाडे कोणती आणि किती उंचीची, पाणी कोण पुरवणार, टँकर लागल्यास पैसे कोणाचे, रोप मेल्यास किती महिन्यांपर्यंत बदलून देणार. देखभाल आपल्याकडे असेल तरच रोप बदलून देण्याची हमी द्यावी.

बयाणा एवढा घ्यावा की माती, खत आणि रोपांचा खर्च त्यातून निघावा. उरलेली रक्कम हिरवळ अंथरल्यावर आणि शेवटचा लहान हप्ता महिन्याने. असे केले की गिऱ्हाईक फिरले तरी आपली मजुरी बुडेल, घरातले दागिने जाणार नाहीत.

कायद्याचाही थोडा आधार आहे, तो माहीत असावा. लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म व लघू उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने व्याज लागू होते. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरातही अशी तरतूद झाली आहे की अशी देणी मुदतीत दिली नाहीत, तर खरेदीदाराला त्या वर्षी तो खर्च वजा दाखवता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच दाखवता येतो. कारखान्याचे आणि बिल्डरचे हिशेबनीस हे चांगले जाणतात. यासाठी 'उद्यम' नोंदणी लागते. ती जुलै २०२० पासून सुरू आहे आणि तिला फी नाही. काम घेण्यापूर्वीच ती करून ठेवावी. जीएसटीबाबत, सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की आपल्या राज्यात नोंदणी करावी लागते. रोपे विकणे आणि बाग करून देणे यांचा कर वेगळा आहे, तेव्हा चांगल्या सल्लागाराला एकदा विचारून घ्यावे.

'नाही' म्हणण्याची हिंमत

मागील वर्षी तोच तरुण पुन्हा माझ्याकडे आला. शहराबाहेर मोठे काम होते. म्हणाला, "चाचा, रक्कम मोठी आहे, पण कूपनलिका एकच आहे आणि बयाणा द्यायला तयार नाहीत. काय करू?" मी म्हटले, "तुला काय वाटते?" तो हसला. "मी नाही म्हणून आलो आहे. फक्त तुम्हाला सांगायचे होते."

आज त्याच्याकडे एकाच भागातले अठरा बंगले, दोन लॉन्स आणि एका टॉवेल कारखान्याचे आवार देखभालीला आहे. पाच माणसे कामावर आहेत आणि पगाराच्या तारखेला कोणाच्या दारात हात पसरावा लागत नाही. कापडाच्या दुकानात आम्ही म्हणतो, आलेल्या प्रत्येकाला चहा पाजावा, पण उधारीची वही प्रत्येकासाठी उघडू नये. बागेच्या धंद्यातही आपल्या तरुणांनी हे ध्यानात ठेवावे.